ट्रंकेतली भातुकली आणि काचेच्या कपाटातल्या गाड्या

बारा वर्षं रखडलेलं पुनर्विकासाचं घोडं गेल्या वर्षी एकदाचं गंगेत न्हालं आणि डोंबिवलीतलं माझं माहेरचं घर रिकामं करायला दोन महिन्यांची मुदत मिळाली. माळ्यावरून तांब्याचा बंब उतरला, आहेरात आलेले आणि कधीच न उघडलेले लेमन सेट उतरले, आणि त्यांच्यामागून दोन वस्तू अशा उतरल्या की घरात जुंपलीच. एक, धाकट्या भावाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत लिओ मॅटेलच्या 30 छोट्या गाड्या. दुसरी, माझ्या भातुकलीची ट्रंक. भाऊ आज 46 वर्षांचा आहे. त्याच्या घरी असल्याच गाड्यांचं काचेचं कपाट आहे आणि दर महिन्याच्या पगारातलं काही ना काही त्यात जातं. भावजय म्हणाली, ‘पुरे झालं आता, आश्रमातल्या पोरांना देऊन टाका.’ भाऊ म्हणाला, ‘यातल्या एकेका गाडीचा आज भाव काय आहे, माहीत आहे का तुला?’ तासभर दोघं भांडले. ट्रंकेवरून मात्र कुणीच भांडलं नाही. ‘पितळ आहे, वजनावर जाईल,’ एवढ्यात तिचा निकाल लागला.

हेच भांडण सध्या चव्हाट्यावरही चाललं आहे. लबूबू नावाची दात विचकणारी बाहुली तिशीतल्या बायकांच्या पर्सला लटकायला लागली, तेव्हापासून मोठ्यांनी खेळण्यांवर पैसे उधळावेत का, यावर जो तो बोलतो आहे. एकीकडे ‘ही पिढी मोठी व्हायलाच तयार नाही’ म्हणणारे, दुसरीकडे ‘माझा पैसा, माझी हौस, वर गुंतवणूकही’ म्हणणारे. मला दोघांचाही कंटाळा आला आहे, कारण दोघंही फक्त खेळणं घेण्याबद्दल बोलतात. ते हातातून जायचं कसं, सोडायचं कुणी, कुणाला विचारून, याबद्दल एक अक्षर नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. मोठ्या माणसाने खेळणी जमवण्यात काहीही पोरकट नाही, पण जमवणाऱ्याचं काम वस्तू कपाटात लावून संपत नाही. तिचा पुढचा मुक्काम आपल्या हयातीत आणि आपल्या हाताने ठरवणं हा त्या छंदाचाच भाग आहे. आणि तो ठरवायचा हक्क ज्याचं बालपण त्याचा आहे, घरातल्या इतरांचा नव्हे.

पोरकटपणाच्या आरोपात तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही. नोकरी, हप्ते, आईवडलांची दुखणी यांतून पळ काढून माणूस चौथीच्या उन्हाळी सुट्टीत जाऊन लपतो, हे मी पाहिलं आहे. पण पळायला माणसाला खेळणीच लागतात असं थोडंच आहे? आणि प्रौढांनी बाहुल्या जमवणं हे आजचं खूळही नाही. नवरात्रात माटुंग्यातल्या एखाद्या तमिळ घरी जाऊन पाहा. कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्या मांडलेल्या असतात, तीन, पाच, सात, नऊ अशा विषम संख्येच्या. पणजीच्या काळच्या ‘मरपाची’ या लाकडी बाहुला-बाहुलीच्या जोडीपासून यंदाच घेतलेल्या मातीच्या बाहुलीपर्यंत सगळ्या तिथे असतात. दर वर्षी निदान एक नवी बाहुली आणायची असा रिवाज आहे, म्हणजे संग्रह वाढवायचा नेमच! सत्तरीतली आजी त्या मांडते, शेजारणी बघायला येतात, सुंडल खाऊन जातात, आणि विजयादशमीच्या रात्री एक बाहुली आडवी करून निजवली की सगळ्या पुन्हा पेटीत. आपल्याकडेही चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आणि गौरी-गणपतीच्या आराशीत बाहुल्या नि भातुकली मांडतातच. या बायकांना कुणी पोरकट म्हटल्याचं ऐकिवात नाही. देवाचं पांघरूण असलं की चालतं आणि नसलं की डोकं फिरलं, हा कुठला न्याय?

खरा फरक निराळाच आहे. कोलूला तिथी आहे. वस्तू बाहेर काढायचा दिवस ठरलेला, दाखवायची माणसं ठरलेली, आवरायची रात्रही ठरलेली. भावाच्या कपाटाला तिथी नाही. गाडी एकदा आत गेली की गेली, आणि पुष्कळदा ती पुठ्ठ्याच्या पाकिटातूनही बाहेर येत नाही, कारण पाकीट फोडलं की भाव पडतो. जमवणारे न फोडलेलीला ‘कार्डेड’ म्हणतात आणि फोडलेलीला ‘लूज’. चाकं असलेली वस्तू जन्मात एकदाही फिरवायची नाही, हे मला खरोखरच कळत नाही. टीका करायचीच तर इथे करा.

बाजाराबद्दलही टीकाकारांचं बरंचसं बरोबर आहे. हा छंद आज मुद्दाम टंचाई करणाऱ्यांच्या हातात आहे. मॅटेल या अमेरिकन कंपनीने 1968 साली हॉट व्हील्स नावाच्या छोट्या गाड्या काढल्या त्या पोरांनी फरशीवरून पळवायला. 1995 पासून त्याच कंपनीने ‘ट्रेझर हंट’ नावाने मोजक्याच निघणाऱ्या गाड्या सुरू केल्या. पहिल्या वर्षीच्या 12 गाड्या, प्रत्येकी फक्त 10,000. माल दुकानाच्या खुंटीवर लागताक्षणी उचलून दामदुपटीने विकणारे आता आपल्या मॉलमध्येही आहेत. लबूबू तर बंद खोक्यात येते, आत कोणती निघेल ते पैसे मोजल्यावरच कळतं. मुंबईच्या माणसाला मटका समजावून सांगायची गरज नाही, याचं खोकं तेवढं गोंडस आहे. 2025 च्या जूनमध्ये बीजिंगच्या एका लिलावात माणसाच्या उंचीची लबूबू 10 लाख 80 हजार युआनला गेली. ज्यांना यात भविष्य दिसतं त्यांनी अमेरिकेतल्या बीनी बेबीजचा इतिहास वाचावा. 1993 साली ही दाणे भरलेली मऊ जनावरं बाजारात आली. मधूनच एखादं जनावर बंद केल्याचं जाहीर व्हायचं आणि त्याचा भाव चढायचा. लोकांनी ती मुलांच्या शिक्षणाची बेगमी म्हणून साठवली. 1999 मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोटित जोडपं जमिनीवर उकिडवं बसून एकेक बीनी वाटून घेत असल्याचं छायाचित्र गाजलं, आणि पुढे थोड्याच दिवसांत सगळे भाव कोसळले. भाऊ ‘गुंतवणूक’ म्हणाला की मी त्याला ते छायाचित्र दाखवते.

पण यावरून जमवणं वाईट ठरतं का? सोन्यात सट्टा चालतो म्हणून आईची पाटली सट्टा होत नाही. पत्र्याच्या डब्यातल्या त्या गाड्यांचा रंग उडाला आहे, आस वाकले आहेत. भाऊ सांगत होता तो भाव पाकीटबंद गाडीचा. आपल्या डब्याला तो मिळणार नाही हे त्यालाही पक्कं ठाऊक आहे. मग त्याने पैशाचं नाव काढलंच का? कारण ‘या माझ्या आहेत आणि मला हव्या आहेत’ एवढं साधं म्हणायची चाळिशी उलटलेल्या पुरुषाला लाज वाटते. ‘याला किंमत आहे’ म्हणायची वाटत नाही.

आता गरीब मुलांचा मुद्दा. हा सगळ्यांत वजनदार, कारण तो काढला की समोरचा गप्प होतो. खेळणं खेळण्यासाठी असतं, माळ्यावर पडण्यापेक्षा एखाद्या पोराच्या हातात गेलं तर काय वाईट? काहीच नाही. धडधाकट, धुतलेलं, सगळे तुकडे असलेलं खेळणं, घेणाऱ्याला आधी विचारून दिलं तर जरूर द्यावं. पण प्रत्यक्षात काय दिलं जातं? मी काही वर्षं दर शनिवारी एका वस्तीतल्या बालवाडीत जात असे. तिथे पोत्यांनी खेळणी येत. एका डोळ्याचं अस्वल, सेल पाझरून गंजलेली आगगाडी, 40 तुकड्यांच्या कोड्याचे 31 तुकडे. ते निवडण्यात तिथल्या ताईंचा अख्खा दिवस मोडे आणि दोन पोती कचऱ्यात जात, म्हणजे आमच्या घरचा कचरा टाकायचं काम आम्ही त्यांच्या गळ्यात घातलेलं असे. शिवाय 35 वर्षांपूर्वीच्या रंगात काय होतं ते कुणी तपासलं आहे? आपल्याकडे खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं ते 1 जानेवारी 2021 पासून. त्या मानकांत शिशासारख्या जड धातूंवर मर्यादा आहेत. पोपडे उडालेली जुनी गाडी एखाद्या दोन वर्षांच्या पोराच्या तोंडात जाणार, आणि त्याला आपण दान म्हणणार? बरं, आजोबांचं मनगटी घड्याळ, आजीची समई, बाबांची बाजाची पेटी यांच्याबद्दल ‘गरिबाला देऊन टाका’ असं कुणी पटकन म्हणत नाही. खेळण्याबद्दलच म्हणतात. आठवण म्हणून जपावी अशा लायकीची ती वस्तूच नव्हे, हे मनात आधीच ठरलेलं असतं.

आणि ही तुच्छता सगळ्यांत जास्त कुणाच्या वाट्याला आली? त्या ट्रंकेकडे वळते. ती भातुकली माझ्याआधी आईची आणि तिच्याआधी तिच्या मावशीची. पितळेची शेगडी, वीतभर उंचीचा बंब, घंगाळ, तीन चकत्यांचा सोऱ्या, दगडाचा पाटा-वरवंटा, खुंट्यासकट जातं, आणि पुरणयंत्र, ज्याचा दांडा खरोखर फिरतो. लहानपणी आम्ही त्यातून चुरमुऱ्यांचं पुरण काढलेलं आहे. जुन्या स्वयंपाकघराची इतकी तंतोतंत नोंद कुठल्याही ग्रंथात सापडायची नाही. आज घरात बंब पेटत नाही, घंगाळ नाही, उखळ नाही. ती कशी दिसत ते नातीला दाखवायचं तर भातुकलीच उघडावी लागते. पुण्याच्या विलास करंदीकरांनी अशी भातुकली वर्षानुवर्षं जमवली आणि तिची प्रदर्शनं भरवली. असल्या प्रदर्शनात साठीतल्या बायका एकेका वस्तूपाशी थबकतात आणि ‘हे आमच्याकडे होतं’ म्हणतात.

‘होतं’च का? कारण लग्न झालं की भातुकली माहेरी राहायची. सासरी कोण नेणार? मग ती भावाच्या मुलीला जायची, नाहीतर नवं पातेलं घेताना मोडीत. माझ्या लग्नानंतर ट्रंक माळ्यावर चढली तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. भावाच्या गाड्या त्याच्याकडे राहिल्या कारण घर त्याचं राहिलं. पुढे त्याला जमवायला पैसा मिळाला, कपाट मिळालं आणि ‘छंद’ हा भारदस्त शब्दही मिळाला. बाईला मिळाली ती ‘खेळ पुष्कळ झाला, आता खरा संसार कर’ ही सूचना. बालपणीच्या वस्तू ठेवायच्या की सोडायच्या हा ज्याच्या-त्याच्या निवडीचा प्रश्न आहे, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. निम्म्या लोकांना ती निवड कधी देऊच केली नव्हती, हे लिहायचं राहून जातं.

सोडायच्या रीती जगात नव्हत्या असं नाही. एका प्राचीन ग्रीक कवितेत तिमारेता नावाची मुलगी लग्नाआधी आपली डफली, चेंडू, केसांची जाळी आणि बाहुल्या आर्टेमिस देवीला वाहते. रोममध्येही अशी चाल होती. तिथे 1889 साली न्यायालयाची इमारत बांधताना क्रेपेरेया त्रिफायना या विशीतल्या मुलीची शवपेटी सापडली, आणि आत तिच्यासोबत सांधे हलणारी हस्तिदंती बाहुली. लग्नाआधीच मरण आल्यामुळे बाहुली देवीला वाहायची राहून गेली, असा एक कयास आहे. या रीतीचं मला फार कौतुक नाही, कारण तिथेही सोडायचं मुलींनीच आणि लग्नासाठीच. मला जपानी लोकांची पद्धत जवळची वाटते. वाकायामातल्या कादा गावी आवाशिमा देवळात 3 मार्चला बाहुल्या होडीत बसवून समुद्रात सोडतात. टोकियोच्या मेइजी देवळातही लोक घरातल्या जुन्या बाहुल्या घेऊन येतात, त्यांचे आभार मानले जातात आणि मग निरोप. पेटी भरून कचऱ्याच्या गाडीत टाकणं आणि हे, यांत बाहुलीच्या दृष्टीने काहीच फरक नसेल. पण माणसाला आहे.

आपल्याला हे शिकायला जपानपर्यंत जायचीही गरज नव्हती. दिवाळीतला किल्ला आठवा. दगड-विटा रचून, गोणपाट टाकून, माती लिंपून पोरं चार दिवस खपतात, अळीव पेरून हिरवळ उगवतात. दिवाळी सरली की तोच किल्ला उरलेले फटाके लावून स्वतःच उडवतात, त्यातही मजा घेतात. शिवाजी महाराज, मावळे, तोफा मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात जातात. काय मोडायचं आणि काय ठेवायचं हे आठ वर्षांच्या पोराला न शिकवता कळतं, दर वर्षी. मग ते चाळिशीत कुठे जातं?

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप आहे आणि त्याला मला पुरतं उत्तर देता येत नाही. ही सगळी चर्चा ज्यांना विकतची खेळणी मिळाली त्यांची आहे. सायकलचा टायर काठीने पळवणारा, पोळ्याला मातीचे बैल करणारा, चिंध्यांच्या बाहुलीला कोळशाने डोळे काढणारी, यांची खेळणी पहिल्या पावसात विरघळली. त्यांनी काय जमवायचं आणि काय सोडायचं? ‘आपलं बालपण’ म्हणून आज जे विकलं जातं ते फार थोड्यांचं बालपण आहे, हे मान्यच करायला हवं. मी एवढंच म्हणेन, की क्षुल्लक वस्तूला मान देणारी नजर असेल तरच कधीतरी कुणी चिंधीच्या बाहुलीपर्यंत पोचेल. पुण्यात दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला सुरुवात केली ती अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या यांसारख्या वस्तूंची, ज्यांना तेव्हा घरोघरी अडगळ म्हणत. 1962 साली त्यांचं संग्रहालय उभं राहिलं, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी त्याला दिलं, आणि 1975 साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. ते वारले 1990 मध्ये. म्हणजे जन्मभर जमवलेलं दुसऱ्याच्या हाती सोपवून त्यानंतर ते पंधरा वर्षं जगले. संग्रहाइतकंच मला हेही मोठं वाटतं.

आणि सोडणं म्हणजे दर वेळी कासावीस होणंही नव्हे. मुलांच्या गोष्टींतलं विनी द पू हे अस्वल ज्याच्या खेळण्यावरून आलं तो क्रिस्तोफर रॉबिन मिल्न मोठेपणी इंग्लंडमधल्या डार्टमथ गावात पुस्तकांचं दुकान चालवत होता. त्याची खरी खेळणी 1947 साली अमेरिकेला गेली आणि 1987 पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. 1998 मध्ये ब्रिटनच्या एका खासदार बाईंनी ती परत मागितली तेव्हा दोन्ही देशांत चांगलीच वादावादी झाली. ज्याची ती होती, त्याने मात्र हयातीत कधी त्यांच्यासाठी जीव टाकला नाही. पूर्वी आवडलेल्या नव्हे, आज आवडणाऱ्या गोष्टी आपल्याभोवती असाव्यात, असं त्याचं म्हणणं होतं. हळहळले ते परके.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगते, आदर्श म्हणून नव्हे. दिवाणखान्यात चादर पसरली आणि दोन्ही ढीग तिच्यावर ओतले. अट एकच, वस्तू उचलणाऱ्याने ती कुणाची, कुठून आली, ते सांगायचं. अर्ध्या तासात कळलं की भावाच्या 30 गाड्यांपैकी सहा त्याच्या नव्हत्याच, ‘ब’ विंगमधल्या मित्राशी अदलाबदल करून आणलेल्या होत्या. त्याने तिथूनच फोन लावला. तो मित्र रविवारी ठाण्याहून आला आणि एक पांढरी जीप शर्टाच्या खिशात घालून गेला. चार गाड्या भावाने ठेवल्या, पण कपाटात नाही, टेबलावर. बाकीच्यांचं अजून ठरायचं आहे. माझ्या लेकीने सोऱ्या घेतला, मी जातं घेतलं. मग भावजयीने काही न बोलता बंब उचलला. अट होती, म्हणून तिलाही सांगावं लागलं. तिच्याकडेही असाच बंब होता. बारावीच्या वर्षी घरी नवं दुधाचं पातेलं आलं, त्याच्या मोडीत तिची सगळी भातुकली गेली. ती कॉलेजातून आली तेव्हा पातेलं ओट्यावर होतं. तासभराच्या भांडणात तिने हे सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

ट्रंकेच्या तळाशी एक लाकडी ठकी निघाली. नाक झिजलेलं, लाखेचा रंग फक्त पदराच्या टोकाला उरलेला. ती कुणाची ते सांगू शकेल असं आमच्याकडे आता कुणी नाही, त्यामुळे अटीप्रमाणे ती कुणालाच उचलता आली नाही. नव्या इमारतीच्या नकाशात माळा नाही. ठकी सध्या भाड्याच्या घरात फ्रिजवर उभी आहे आणि फ्रिज उघडला की थरथरते.